शासकीय खरेदी धोरण आणि लघु पुरवठादार-कंत्राटदार : पुरवठा आदेशापासून देयकापर्यंतचा प्रवास

गोषवारा :

शासन हा देशातील सर्वांत मोठ्या ग्राहकांपैकी एक आहे. या ग्राहकाच्या मागणीतील काही वाटा लहान उद्योगांना मिळावा, यासाठी भारतात खरेदीविषयक प्राधान्य धोरण अवलंबिण्यात आले. या धोरणामुळे लहान उद्योगांना निविदेत प्रवेश मिळणे पूर्वीपेक्षा सुलभ झाले आहे. तथापि धोरणाचे यश दिलेल्या आदेशांच्या टक्केवारीवरून मोजले जाते, वेळेवर अदा झालेल्या देयकांवरून नव्हे. प्रवेश, आदेश व देयक या तीन टप्प्यांवर धोरणाचा लहान पुरवठादारावर काय परिणाम होतो, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

प्रस्तावना :

कार्यालयातील टेबल-खुर्च्यांपासून रुग्णालयातील उपकरणांपर्यंत आणि गावातील साकवापासून शाळेच्या संरक्षक भिंतीपर्यंत असंख्य वस्तू, सेवा व बांधकामे शासन बाजारातून घेत असते. ही खरेदी सार्वजनिक पैशातून होत असल्याने काटकसर, पारदर्शकता व स्पर्धा ही तिची मूलतत्त्वे मानली जातात. परंतु केवळ न्यूनतम दर हाच निकष ठेवला, तर मोठ्या प्रमाणावर उत्पादन करणाऱ्या व भांडवलाने सबळ असलेल्या उद्योगासमोर लहान कारखानदार टिकू शकत नाही. दुसरीकडे रोजगारनिर्मिती व उद्योगांचे विकेंद्रीकरण या दृष्टीने लहान उद्योगांचे महत्त्व शासनाने प्रारंभापासून मान्य केले आहे. या दोन उद्दिष्टांची सांगड घालण्याचा प्रयत्न म्हणजे खरेदीतील प्राधान्य धोरण होय.

लहान पुरवठादाराच्या दृष्टीने शासन हा एकाच वेळी सर्वांत भरवशाचा आणि सर्वांत कठीण ग्राहक असतो. शासनाकडील पैसा बुडत नाही असा सर्वसाधारण समज आहे व तो बऱ्याच अंशी खराही आहे. मात्र तो पैसा केव्हा मिळेल, हा प्रश्न लहान उद्योगाच्या अस्तित्वाशी निगडित असतो.

धोरणाची पार्श्वभूमी :

लहान उद्योगांना शासकीय खरेदीत साहाय्य करण्याची परंपरा जुनी आहे. १९५५ मध्ये राष्ट्रीय लघुउद्योग महामंडळाची स्थापना झाली. या महामंडळाच्या एकल नोंदणी योजनेमुळे लहान उद्योगांना शासकीय निविदांमध्ये सवलती मिळू लागल्या. महाराष्ट्रात १९६२ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र लघुउद्योग विकास महामंडळाने लहान कारखान्यांच्या मालाच्या विपणनाचे व शासकीय कार्यालयांना पुरवठा करण्याचे काम केले.

या प्रयत्नांना वैधानिक अधिष्ठान लाभले ते सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ मुळे. हा अधिनियम २ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आला. त्याच्या कलम ११ ने खरेदीतील प्राधान्य धोरण जाहीर करण्याचा अधिकार शासनास दिला, तर कलम १५ ते २४ मध्ये विलंबित देयकांविषयीच्या तरतुदी करण्यात आल्या. एकाच कायद्याने मागणी आणि देयक या दोन्ही बाजूंचा विचार केला, ही बाब लक्षणीय आहे. पुढील काळात मात्र या दोन बाजूंची वाटचाल समान गतीने झाली नाही.

कलम ११ अन्वये सूक्ष्म व लघु उद्योगांसाठीचा सार्वजनिक खरेदी धोरण आदेश २३ मार्च २०१२ रोजी अधिसूचित होऊन १ एप्रिल २०१२ पासून लागू झाला. केंद्र शासनाची मंत्रालये, विभाग व सार्वजनिक उपक्रम यांनी आपल्या वार्षिक खरेदीपैकी किमान २० टक्के खरेदी सूक्ष्म व लघु उद्योगांकडून करावी, असे उद्दिष्ट त्यात ठेवण्यात आले. १ एप्रिल २०१५ पासून ते बंधनकारक झाले. नोव्हेंबर २०१८ मधील दुरुस्तीने हे प्रमाण २५ टक्के करण्यात आले व १ एप्रिल २०१९ पासून ते लागू झाले. या २५ टक्क्यांपैकी ४ टक्के खरेदी अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांकडून व ३ टक्के महिला उद्योजकांकडून करावयाची आहे. याशिवाय ३५८ वस्तू केवळ सूक्ष्म व लघु उद्योगांकडून खरेदी करण्यासाठी राखीव ठेवण्यात आल्या.

पहिला टप्पा : निविदेत प्रवेश

धोरणाचा सर्वांत स्पष्ट लाभ प्रवेशाच्या टप्प्यावर दिसून येतो. पात्र उद्योगांना निविदा संच विनामूल्य मिळतो व बयाणा रक्कम भरण्यापासून सूट मिळते. २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांनुसार बयाणा रक्कम सर्वसाधारणपणे अंदाजित किमतीच्या २ ते ५ टक्के असते. एकाच वेळी चार-पाच निविदा भरणाऱ्या लहान उद्योगाची ही रक्कम निकाल लागेपर्यंत अडकून पडत असे. सवलतीमुळे तेवढे खेळते भांडवल मोकळे राहते.

२०१६ मध्ये सुरू झालेल्या गव्हर्नमेंट ई-मार्केटप्लेस अर्थात ‘जेम’ या संकेतस्थळाने प्रवेशाचे स्वरूपच बदलले. २०१७ च्या नियमांनी तेथे उपलब्ध असलेल्या वस्तू व सेवा केंद्रीय कार्यालयांनी तेथूनच घेणे बंधनकारक केले. पूर्वीची मध्यवर्ती खरेदी यंत्रणा असलेले पुरवठा व विल्हेवाट महासंचालनालय त्याच वर्षी बंद करण्यात आले. यामुळे इचलकरंजीचा कापड उत्पादक किंवा अहिल्यानगरचा फर्निचर कारखानदार दिल्लीतील कार्यालयासही देकार देऊ शकतो. मात्र हाच दरवाजा देशभरातील स्पर्धकांनाही खुला झाला आहे. उलट लिलावाच्या पद्धतीत स्पर्धक एकमेकांचे दर पाहून आपला दर कमी करीत जातात व नफ्याचे प्रमाण अत्यल्प राहते.

प्रवेशाच्या टप्प्यावरील दोन अडथळे अद्याप कायम आहेत. पहिला अडथळा पूर्वानुभव व वार्षिक उलाढाल यांच्या अटींचा आहे. गुणवत्ता व तांत्रिक निकष पूर्ण होत असल्यास या अटी शिथिल करता येतात, परंतु ही शिथिलता खरेदी अधिकाऱ्याच्या विवेकावर अवलंबून असते. लेखापरीक्षणात आक्षेप येण्याची धास्ती असलेला अधिकारी अनुभवी पुरवठादाराची निवड करणे अधिक सुरक्षित समजतो. दुसरा अडथळा सुरक्षा अनामतीचा आहे. सूट बयाणा रकमेपुरती आहे. आदेश मिळाल्यानंतर द्यावयाच्या कामगिरी हमीला ती लागू होत नाही. बँक हमीसाठी बँका बहुधा मुदत ठेव किंवा तारण मागतात. त्यामुळे निविदा भरताना वाचलेले भांडवल आदेश मिळताच अडकते.

दुसरा टप्पा : आदेश व किंमत

धोरणातील दरविषयक तरतुदीबाबत अनेकदा गैरसमज आढळतो. लहान उद्योगास १५ टक्के अधिक दर दिला जातो, असे समजले जाते. वस्तुस्थिती तशी नाही. न्यूनतम देकार मोठ्या उद्योगाचा असेल आणि लहान उद्योगाचा देकार त्याहून १५ टक्क्यांपर्यंत अधिक असेल, तर लहान उद्योगास आपला दर न्यूनतम देकाराइतका खाली आणण्याची संधी दिली जाते. त्याने तो दर मान्य केल्यास निविदेतील किमान २५ टक्के पुरवठा त्यास मिळू शकतो. पुरवठ्याचे विभाजन शक्य नसेल, तर संपूर्ण आदेशही देता येतो.

समजा, मोठ्या उद्योगाचा न्यूनतम देकार १०० रुपये व लहान उद्योगाचा ११२ रुपये आहे. लहान उद्योगाचा उत्पादन खर्च ९७ रुपये असेल, तर १०० रुपयांत पुरवठा करून त्याचा अल्पसा नफा राहील. परंतु उत्पादन खर्चच १०५ रुपये असेल, तर ही सवलत त्याच्या उपयोगाची नाही. म्हणजेच हे धोरण किमतीतील प्राधान्य देत नसून दर जुळविण्याची संधी देते. करदात्याच्या दृष्टीने ही योजना योग्य आहे, कारण शासनास अधिक किंमत मोजावी लागत नाही. मात्र प्राधान्याचा आर्थिक भार शासनाऐवजी लहान उद्योगाच्या नफ्यावर पडतो, ही बाब दुर्लक्षून चालणार नाही.

लाभार्थी कोण, हा प्रश्नही महत्त्वाचा आहे. जुलै २०२० पासून उद्यम नोंदणी सुरू झाली व गुंतवणूक आणि उलाढाल हे दोन्ही निकष एकत्र लागू करण्यात आले. १ एप्रिल २०२५ पासून या मर्यादा वाढविण्यात आल्या. त्यानुसार १० कोटी रुपयांपर्यंत उलाढाल असलेला उद्योग सूक्ष्म, तर १०० कोटी रुपयांपर्यंत उलाढाल असलेला उद्योग लघु गणला जातो. मर्यादा वाढल्याने वाढत्या उद्योगांना सवलती गमावण्याची भीती उरली नाही, हा त्याचा लाभ होय. परंतु २५ टक्क्यांच्या उद्दिष्टात सूक्ष्म उद्योगांसाठी स्वतंत्र वाटा नाही. दहा कामगारांचा कारखाना आणि ९० कोटींची उलाढाल असलेला उद्योग एकाच राखीव वाट्यासाठी स्पर्धा करतात. उद्दिष्टाची टक्केवारी पूर्ण होऊनही अगदी लहान घटक बाहेर राहू शकतो, तो यामुळे.

तिसरा टप्पा : देयक

देयकाच्या टप्प्यावर कायद्याची भाषा कठोर आहे. कलम १५ नुसार खरेदीदाराने ठरलेल्या मुदतीत पैसे दिले पाहिजेत व ही मुदत ४५ दिवसांपेक्षा अधिक असू शकत नाही. करारात मुदत नमूद नसेल, तर माल स्वीकारल्यापासून १५ दिवसांची मर्यादा लागू होते. विलंब झाल्यास कलम १६ अन्वये रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढ पद्धतीने व्याज द्यावे लागते. २०२४ मध्ये बँक दर ६.७५ टक्के होता. म्हणजे विलंबाचा वार्षिक व्याजदर २०.२५ टक्के होत होता. वाद निर्माण झाल्यास सूक्ष्म व लघु उद्योग सुविधा परिषदेकडे दाद मागता येते. परिषदेच्या निवाड्यास आव्हान द्यावयाचे असल्यास खरेदीदारास आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. ऑक्टोबर २०१७ पासून ‘समाधान’ संकेतस्थळावरून तक्रार दाखल करण्याची सोयही झाली.

इतक्या सबळ तरतुदी असताना विलंब का होतो? याचे पहिले कारण मुदत केव्हापासून मोजावयाची, यात आहे. मुदत माल पोहोचल्याच्या नव्हे, तर माल स्वीकारल्याच्या दिवसापासून सुरू होते. तपासणी लांबली की स्वीकृती लांबते. यावर कायद्याने उपाय सुचविला आहे. माल मिळाल्यापासून १५ दिवसांत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली नाही, तर माल ज्या दिवशी पोहोचला त्याच दिवशी तो स्वीकारला असे मानले जाते. परंतु त्यासाठी पुरवठादाराकडे तारीख व शिक्क्यासह पोच असणे आवश्यक असते. अनेक लहान पुरवठादार ओळखीच्या कार्यालयाकडे अशी पोच मागण्याचे टाळतात.

दुसरे कारण संबंधांचे आहे. ज्या कार्यालयाकडून पुढील आदेश मिळावयाचा आहे, त्याच कार्यालयाविरुद्ध तक्रार करण्याचे धैर्य लहान पुरवठादारास होत नाही. व्याज हा त्याचा हक्क असला, तरी तो मागावा लागतो आणि मागण्याची किंमत भावी आदेश गमावण्याची असू शकते. अशा स्थितीत हक्क कागदावरच राहतो.

तिसरे कारण नोंदणीशी संबंधित आहे. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मधील महाकाली फूड्स प्रकरणात विलंबित देयकांविषयीच्या तरतुदी सर्वसामान्य लवाद कायद्यापेक्षा वरचढ असल्याचे स्पष्ट केले. त्याच वेळी कराराच्या दिवशी नोंदणी नसलेल्या उद्योगास या तरतुदींचा लाभ घेता येणार नाही, असेही नमूद केले. २०२५ मध्ये नोंदणीच्या या अटीचा प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपविण्यात आला. तात्पर्य, पहिला आदेश घेऊन नंतर नोंदणी करणारा नवउद्योजक मोठी जोखीम पत्करतो.

विलंबाचा परिणाम साध्या गणिताने समजू शकतो. समजा, एका पुरवठादाराने १० लाख रुपयांचा माल पुरविला. त्याचा खर्च ९ लाख २० हजार रुपये असून तो बँकेच्या कर्जातून, वार्षिक १२ टक्के व्याजाने भागविला आहे. अपेक्षित नफा ८० हजार रुपयांचा आहे. दरमहा व्याजाचा भार ९ हजार २०० रुपये होतो. ४५ दिवसांत पैसे मिळाल्यास व्याजापोटी १३ हजार ८०० रुपये जाऊन ६६ हजार २०० रुपये उरतात. सहा महिन्यांनी पैसे मिळाल्यास केवळ २४ हजार ८०० रुपये उरतात. नऊ महिने झाल्यास नफा संपून तोटा सुरू होतो. या काळात पुरवठादार शासनास बिनव्याजी कर्ज देत असतो, असे म्हणणे वावगे ठरणार नाही. शिवाय वस्तू व सेवा कर बीजक दिल्यावर देय होतो. पैसे हाती येण्यापूर्वीच तो भरावा लागतो.

विलंबाचा फटका कमी करण्यासाठी ‘ट्रेड्स’ ही बीजक वटविण्याची व्यवस्था २०१७ पासून कार्यरत झाली. परंतु या व्यवस्थेत खरेदीदाराने बीजक मान्य केल्याखेरीज ते वटविता येत नाही. मूळ अडचण स्वीकृतीतच असेल, तर हा उपाय तेथेच थांबतो. २०२३ च्या वित्त अधिनियमानेही आयकर कायद्यात बदल करून, सूक्ष्म व लघु उद्योगांची देणी मुदतीत न देणाऱ्यास त्या वर्षी त्या खर्चाची वजावट नाकारली. हे दडपण करदात्या व्यावसायिक खरेदीदारावर येते. आयकर न भरणाऱ्या शासकीय कार्यालयास त्याची झळ बसत नाही.

बांधकाम कंत्राटदार : धोरणाबाहेरील घटक

वरील धोरण सूक्ष्म व लघु उद्योगांनी उत्पादित केलेल्या वस्तू व पुरविलेल्या सेवा यांनाच लागू आहे. व्यापारी त्यातून वगळले आहेत व रस्ते, इमारती, गटारे यांसारखी कामकंत्राटेही त्याच्या कक्षेबाहेर ठेवण्यात आली आहेत. मुंबई उच्च न्यायालयाने काही प्रकरणांत विलंबित देयकांच्या तरतुदीही कामकंत्राटांना लागू होत नाहीत, असे मत दिले आहे. ग्रामीण महाराष्ट्रात शासनाशी व्यवहार करणारा लहान व्यावसायिक बहुतांशी हाच कंत्राटदार असतो. म्हणजे ज्याला संरक्षणाची गरज अधिक, तोच या कायद्याच्या छायेबाहेर राहतो.

केंद्राचा आदेश राज्य शासनांना बंधनकारक नाही. महाराष्ट्रात उद्योग विभागाच्या १ डिसेंबर २०१६ च्या शासन निर्णयाने खरेदीची कार्यपद्धती विहित केली. बांधकामांबाबत राज्यात काम वाटपाची वेगळी पद्धत रूढ आहे. ठरावीक रकमेपर्यंतची लहान कामे सुशिक्षित बेरोजगार अभियंते, मजूर सहकारी संस्था व खुले नोंदणीकृत कंत्राटदार यांच्यात अनुक्रमे ३३, ३३ व ३४ टक्के या प्रमाणात विभागली जातात. नव्या अभियंत्यास उमेदवारीची संधी देणारी ही पद्धत उल्लेखनीय आहे. परंतु तीदेखील काम मिळण्यापर्यंतच साथ देते.

कार्यारंभ आदेशानंतर कंत्राटदार सिमेंट, खडी व मजुरी यांचा खर्च स्वतः करतो. मोजमाप पुस्तिकेत नोंद झाल्यावर देयक तयार होते, पण ते अदा होणे लेखाशीर्षाखालील निधीवर अवलंबून असते. उपलब्ध तरतुदीपेक्षा अधिक कामांना मंजुरी दिली गेली, तर देयके साचत जातात व आलेला निधी सर्वांना थोडा थोडा वाटला जातो. जुलै २०२२ मध्ये अनेक शासकीय कामांवरील वस्तू व सेवा कराचा दर १२ वरून १८ टक्के झाला, त्यामुळेही भांडवलाची गरज वाढली. २०२५ च्या प्रारंभी राज्यातील कंत्राटदार संघटनांनी थकीत देयकांच्या मागणीसाठी कामे बंद ठेवण्याचे आंदोलन केले. मोठी कंपनी अशा काळात अन्य प्रकल्पांच्या उत्पन्नावर तग धरते. लहान कंत्राटदाराला मात्र घर व जमीन गहाण ठेवावी लागते, वा खासगी सावकाराकडे जावे लागते. त्याच्याकडील मजुराची मजुरीही त्याच साखळीत अडकते.

अन्य देशातील अनुभव :

अमेरिकेत १९५३ च्या लघुव्यवसाय कायद्यापासून लहान व्यवसायांना शासकीय कंत्राटांत योग्य वाटा देण्याचे धोरण आहे. संघराज्य शासनाच्या मुख्य कंत्राटांपैकी २३ टक्के मूल्याची कंत्राटे लहान व्यवसायांना देण्याचे उद्दिष्ट तेथे ठेवलेले आहे. टक्केवारीच्या दृष्टीने भारताचे धोरण त्याहून मागे नाही. फरक देयकात आहे. १९८२ च्या तत्पर देयक कायद्यानुसार तेथील संघराज्य कार्यालयांनी सर्वसाधारणपणे ३० दिवसांत पैसे द्यावयाचे असतात आणि विलंब झाल्यास पुरवठादाराने मागणी न करताही व्याज आपोआप देयकात जमा करावे लागते. हक्क मागण्याची जबाबदारी दुर्बळ घटकावर न टाकता देण्याची जबाबदारी कार्यालयावर टाकली, हे या कायद्याचे वैशिष्ट्य होय.

निष्कर्ष व उपाययोजना :

१) खरेदीतील प्राधान्य धोरणाने लहान उद्योगांचा निविदेतील प्रवेश सुलभ केला आहे, तथापि दर जुळविण्याच्या अटीमुळे प्राधान्याचा भार बहुतांशी त्यांच्या नफ्यावरच पडतो.

२) उद्दिष्टपूर्ती मोजताना दिलेल्या आदेशांच्या मूल्याबरोबरच ४५ दिवसांत अदा झालेल्या देयकांचे प्रमाणही प्रत्येक विभागाने प्रसिद्ध करावे. देयक न मिळालेला आदेश ही मदत नसून भार ठरतो.

३) विलंबाचे व्याज मागणीशिवाय देयकात समाविष्ट करण्याची पद्धत स्वीकारावी. त्यामुळे पुरवठादारास तक्रारदार व्हावे लागणार नाही.

४) २५ टक्क्यांच्या वाट्यात सूक्ष्म उद्योगांसाठी स्वतंत्र उपवाटा असावा.

५) कामकंत्राटे घेणाऱ्या लहान कंत्राटदारांना विलंबित देयकांच्या तरतुदी स्पष्टपणे लागू कराव्यात. निधीची प्रत्यक्ष उपलब्धता असल्याखेरीज कार्यारंभ आदेश देऊ नयेत.

६) पुरवठादारांनी पहिल्या आदेशापूर्वी उद्यम नोंदणी करावी व प्रत्येक पुरवठ्याची दिनांकित पोच जपून ठेवावी.

अखेरीस एक बाब शिक्षणसंस्थांच्या दृष्टीने नोंदविणे आवश्यक आहे. २००६ च्या अधिनियमातील ‘खरेदीदार’ या संज्ञेत केवळ शासकीय कार्यालये येत नाहीत. सूक्ष्म वा लघु उद्योगाकडून मोबदला देऊन वस्तू किंवा सेवा घेणारा प्रत्येक जण खरेदीदार ठरतो. प्रयोगशाळेचे साहित्य बनविणारा कारखानदार किंवा मुद्रणालय यांच्याशी व्यवहार करणारे महाविद्यालयही त्यात मोडते. अनुदान येईपर्यंत देयक थांबवून ठेवण्याची सवय अनेक संस्थांच्या अंगवळणी पडलेली असते. ४५ दिवसांची मर्यादा त्यांनाही लागू आहे. महाविद्यालयीन खरेदी समित्यांवर काम करणाऱ्या प्राध्यापकांनी न्यूनतम देकाराच्या तक्त्याबरोबरच देयकाच्या दिनांकाकडेही लक्ष दिले, तर धोरणाच्या मूळ हेतूस प्रत्यक्ष हातभार लागेल.